उतार बघून

मंडळी, गाड्यांमधलं मला जेवढं कळतं, तेवढं फार थोड्या लोकांना कळतं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगतच नाही, तर काय करणार!

आमच्याकडे एक छोटी सेडान आहे. बाहेरून आटोपशीर, आतून ऐसपैस, मागे भलीमोठी डिकी. रंग चंदेरी, म्हणून नावही चंदेरीच. इंटरनेटवर गाडीमालकांनी आपापली मतं लिहायची एक जागा आहे. तिथे या गाडीबद्दलचं सगळ्यात लांबलचक मत माझं. 'इतक्या वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही!' पाचपैकी पाच तारे. आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. चंदेरी बंद पडत नाही. ती फक्त चालू होत नाही. या दोन्हींत फरक आहे, पण तो साडूंना कोण समजावणार!

साडूंकडे चंदेरीची प्रतिस्पर्धी. तेवढीच लांब, तेवढीच जुनी, फक्त कंपनी दुसरी आणि रंग किरमिजी. तिच्याबद्दलचं सगळ्यात लांब मत साडूंचं. घरात कोणाचा वाढदिवस असो नाहीतर कोणी आजारी असो, आम्ही दोघं भेटलो की पाच मिनिटांत गाडीवर येणारच.

"तुमचे पार्ट मिळतात का हो अजून?"

"मिळतात, पण लागतात कोणाला?"

"तेही खरंच. चालवली तर लागणार!"

बायका उठून आतल्या खोलीत जायच्या. एकट्या सासूबाई बसून राहायच्या आणि माझी बाजू घ्यायच्या. "जावईबापूंची गाडी कशी बाई नवीकोरी दिसते! ओरखडा म्हणून नाही कुठे." बस्स, मला एवढं पुरायचं. मी साडूंना म्हणायचो, "ऐका! तिऱ्हाइताचं मत आहे!" सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ही गोष्ट मी या वादात कधी मध्ये आणली नाही.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. चंदेरीचा स्टार्टर कधीच गेला होता. किल्ली फिरवली की आतून फक्त 'ट्क्' असा आवाज यायचा आणि पुढे शांतता. बदलायला टाकावा, तर ते साडूंच्या कानावर जाणार! त्यापेक्षा उतारावर उभी करायची, ब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, की झाली चालू! त्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे? पण आम्ही लपवलं. हळूहळू आमच्या घराला उताराची दृष्टीच आली. आमचा दातांचा डॉक्टर, आमचा न्हावी, आमचा किराणावाला, सगळे उतारावर. न्हावी अगदीच भिकार होता, पण उतार काय सुरेख! घर बघताना बायकोने पाणी बघितलं, ऊन बघितलं. मी गेटासमोर एक चेंडू ठेवून बघितला.

तर, सासूबाईंचे डोळे. माझी मुलगी शाळेच्या नृत्यनाटिकेत सूर्यफूल होणार होती. तिचा पोशाख आजीने स्वतः शिवला. पिवळ्या पाकळ्यांची भलीथोरली झालर, प्रत्येक पाकळी बोटांनी चाचपून चाचपून. सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो, बाकी सगळं त्या अंदाजाने. एकदा पोशाख हातात धरून मला म्हणाल्या, "जावईबापू, एक तरी डोळा नाटिकेच्या आधी उघडू दे हो. शिवलंय मी, पण बघितलं कुठे अजून?"

डोळ्यांचे मोठे डॉक्टर आमच्याकडच्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदाच यायचे. नाटिकेच्या आधीची एकच तारीख होती आणि ती सासूबाईंना मिळाली. वेळेवर पोचलं नाही, तर नंबर थेट रांगेच्या शेपटाला.

आणि नेमका याच मुहूर्तावर सासऱ्यांनी गाडी घ्यायचा विचार बोलून दाखवला! सासरे जन्मभर मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले तरी आमच्याकडे बघताना तेच डोळे. म्हणाले, "हिची दृष्टी आली की हिला चार ठिकाणी फिरवावं म्हणतो. तुम्हा दोघांपैकी एकासारखी जुनी गाडी बघतोय. तोंडी परीक्षा मी पुष्कळ ऐकली तुमची. आता प्रात्यक्षिक. हॉस्पिटलात जाताना धाकट्या जावयाची गाडी, येताना थोरल्याची. जाताना थोरल्याने मागून यावं." धाकटा मी.

बायको म्हणाली, "बाबा, टॅक्सीच बोलावू या ना. ऑपरेशनला चाललोय आपण."

"टॅक्सी?" मी आणि साडू एका सुरात ओरडलो. जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं, ते इथे!

आदल्या दिवशी मी हॉस्पिटल पाहून आलो. समोर सगळं सपाट. पण मागच्या बाजूला रुग्णवाहिकेसाठी छान उतार होता. वॉचमनशी गोड बोलून जागा ठरवली. सासऱ्यांच्या घरासमोरही सपाटच, पण त्यावर उपाय सोपा होता. पोचल्यावर इंजिन बंदच करायचं नाही!

त्या सकाळी मी अगदी वेळेवर पोचलो. चंदेरी दारात सुरेख घुरघुरत होती. मागे किरमिजी. साडू नवा शर्ट घालून आले होते. सासूबाईंनी चष्मा शोधला, मग शाल शोधली, मग गॅस बंद केलाय का ते बघायला परत आत गेल्या. सासरे गाडीजवळ येऊन उभे राहिले.

"पेट्रोल का जाळताय?"

"आईंना गारठा नको, म्हणून आत जरा ऊब करतोय, बाबा."

"ऊब शालीने येते," असं म्हणून त्यांनी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली! वर्गातला पंखा बंद करावा, तसं इंजिन बंद. किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "शिस्त!"

सासूबाई येऊन मागे बसल्या, शेजारी बायको, पुढे सासरे. मी मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागितली आणि किल्ली फिरवली.

ट्क्.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, ती जरा श्वास घेते."

ट्क्. ट्क्.

"फार खोल श्वास घेतेय," सासरे म्हणाले.

तेवढ्यात खिडकीत साडूंचा चेहरा उगवला. इतका आनंदी माणूस मी बघितला नव्हता. "आई, या माझ्या गाडीत! माझी अजून जिवंत आहे!" बघता बघता सगळी वरात किरमिजीत बसली आणि निघून गेली. सासूबाई जाता जाता मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हो. दिसते मात्र नवीकोरी!"

मी पेपरवाल्याला, दूधवाल्याला आणि पळायला निघालेल्या एका जाड गृहस्थाला हाताशी धरलं. त्यांनी धक्का मारला, चंदेरी चालू झाली आणि मी सुसाट सुटलो. आता मंडळी, मी तिथून मुकाट्याने घरी गेलो असतो तरी चाललं असतं. पण साडूंना जिंकू द्यायचं? छे!

नदीच्या पुलावर बघतो तर काय, किरमिजी बाजूला उभी आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ! सगळे फुटपाथवर. मला एवढा आनंद झाला की मी आधी हॉर्न वाजवला आणि मग ब्रेक लावला. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, याचा विचार मला नंतर सुचला. फार नंतर.

"तापते वाटतं?" मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरलो.

"कधीच नाही!" साडू म्हणाले. पण चेहरा पडला होता. तेव्हा मला त्यांच्या डिकीत कायम असणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांचा उलगडा झाला. इतकी वर्षं ते सहलीला जाताना दर थोड्या वेळाने थांबून 'वा, काय देखावा आहे!' म्हणायचे आणि गाडीच्या तोंडाशी घुटमळायचे. मी समजत होतो, माणूस रसिक आहे!

"बाटल्या कुठायत?"

"घरी काढून ठेवल्या," ते माझ्या कानात पुटपुटले. "बाबांनी विचारलं असतं ना."

तेवढ्यात समोरून रिकामी टॅक्सी आली. बायकोने हात वर केला. मंडळी, तो हात मी खाली ओढला. स्वतःच्या हाताने! "कशाला? माझी चालू आहे ना! दोन मिनिटांत पोचवतो!"

टॅक्सीवाला क्षणभर थांबला, त्याने आमच्याकडे बघितलं आणि तो गेला. टॅक्सीच्या मागच्या काचेवरचं 'पुन्हा भेटू' अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"चालू आहे ना?" साडू खवळले. "ढकलून चालू केलेली गाडी! हिचं दार तरी नीट लागतं का बघू!" आणि त्यांनी रागाच्या भरात चालकाचं दार धाडकन आपटलं.

खटक्! चारही दारांना कुलूप. किल्ली आत. इंजिन चालू.

आम्ही सगळे बाहेर, आणि आत कोणी नसताना चंदेरी एवढी गोड घुरघुरत होती की काय सांगू! जी बाई जन्मात चालू व्हायला तयार नव्हती, ती आता बंद व्हायला तयार नव्हती. मी या खिडकीला नखं लावतोय, साडू त्या खिडकीला. आणि तरीही आमचं तोंड चालूच!

"तुमच्या गाडीचं लॉकच भिकार!"

"तुमच्या गाडीला तर तहान लागते!"

"पुरे!" सासरे असे ओरडले की आम्ही दोघांनी हात मागे बांधले. पण ते आमच्यावर ओरडले नव्हतेच. ते बसला हात करत होते. सासूबाईंना बायकोने एका बाजूने धरलं, सासऱ्यांनी दुसऱ्या. पायरी किती उंच आहे ते त्यांना दिसत नव्हतं. पाय हवेतच चाचपडत राहिला. मग ड्रायव्हरच उठून आला आणि त्याने हात दिला. मी आणि साडू गाड्यांपाशी राहिलो. गाड्या सोडून जाणार कसे?

ते पोचले तेव्हा डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये गेले होते. पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं. सासूबाई त्या नर्सला म्हणाल्या म्हणे, "असू दे हो. जावयांची फार धावपळ झाली आज." बायकोने हे मला संध्याकाळी सांगितलं आणि मग दोन दिवस काहीच सांगितलं नाही.

नाटिकेच्या दिवशी सासूबाई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसल्या. स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा मोठा पिवळा सूर्य उभा केला होता. डावीकडून माझी मुलगी आली. काय नाचली पोर! गिरक्या काय, उड्या काय, पाकळ्या नुसत्या भिरभिरत होत्या. सासूबाई एकटक उजवीकडे बघत होत्या.

"ती पिवळी ना आपली?" त्यांनी माझा हात घट्ट धरून विचारलं.

मला सांगायला हवं होतं. डोकं धरून डावीकडे वळवायला हवं होतं. पण नुसता पिवळा ठिपका बदलून दुसरा दाखवायचा, तोही पळता ठिपका, तो तरी त्यांना कुठे सापडला असता? मी म्हणालो, "हो आई. तीच."

त्यांनी त्या पुठ्ठ्याला भरभरून टाळ्या वाजवल्या. डोळे पुसले. मुलगी धापा टाकत आली, "आजी, कशी केली मी?"

"गुणाची गं पोर ती! एवढा वेळ उभी, पण जराही हलली नाहीस!"

मुलीने आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. घामाने तिच्या चेहऱ्यावरचा रंग पुसला गेला होता. "हो आजी," ती म्हणाली आणि आजीच्या कुशीत शिरली. मला बाहेर जाऊन चंदेरीच्या टायरला लाथ मारावीशी वाटली. मारलीही. पायच दुखला.

दोन महिन्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाताना टॅक्सी, येताना टॅक्सी. सासऱ्यांनी गाडी घ्यायचं नाव पुन्हा काढलं नाही. आम्हीही सुचवलं नाही.

पट्टी निघाल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. साडूही होते. आधी त्यांनी मला नीट न्याहाळलं. "अगं बाई, तुमचे केस कधी गेले?" न्हाव्याचा विषय मी काढला नाही. मग त्या खिडकीशी गेल्या आणि खाली बघितलं.

"ही कोणाची हो?"

साडू खोकले. मी म्हणालो, "आमची. चंदेरी."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. पोचा आलेलं दार, गंजलेली कड, चिकटपट्टी लावलेला दिवा. मग म्हणाल्या, "रंग चांगला आहे." साडूंना हसायचं होतं, पण किरमिजी तिच्या मागेच उभी होती.

मग मुलीने आजीसाठी पोशाख चढवला. खांद्यात जरा घट्ट झाला होता. खुर्च्या बाजूला सारल्या, गाणं लावलं आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचली. सासूबाई हसत होत्या, पाकळ्या बघत होत्या. बघता बघता त्यांचं हसू थांबलं.

"एवढी हलत होतीस?"

"थोडीशीच, आजी," मुलगी म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारलं, त्या नव्या, स्वच्छ डोळ्याने माझ्याकडे बघत.

"जावईबापू, मग त्या दिवशी मी टाळ्या कोणाला वाजवल्या?"

मंडळी, चंदेरीबद्दल विचारलं तर मी तासभर न थांबता बोलतो. आताही उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. आतून फक्त 'ट्क्' झालं.

आणि त्या खोलीत कुठेही उतार नव्हता.