वीस हजारावा पाहुणा

रविवारी सकाळी अकरा वाजता मी, बायको आणि सासूबाई असे तिघे शहराबाहेरच्या पाणथळीवर पक्षी पाहायला गेलो आणि फाटकावर माझी चोच मोजण्यात आली.

मोजणारे गृहस्थ अभयारण्याचे गणक होते. वीस वर्षं गळ्यात दुर्बीण असल्यामुळे सगळे त्यांना दुर्बीणच म्हणत. त्यांनी माझ्या नाकाला फूटपट्टी लावली, आकडा अर्जात लिहिला आणि खालमानेनं माफी मागितली. सासूबाईंना आकडा कमी वाटला. जावईबापू सगळीकडे नाक खुपसतात, तेव्हा ते याहून लांब असणार, असं त्यांनी सांगून पाहिलं.

भानगड अशी होती. परदेशातून उडत येणाऱ्या पक्ष्यांना या खात्यात लाडानं पाहुणे म्हणतात. वरून परिपत्रक आलं होतं की मोसमात वीस हजार पाहुणे न आल्यास अभयारण्याचा दर्जा रद्द करून तळ्यात भराव टाकला जाईल. दुर्बीण यांनी डोळ्यांत तेल घालून मोजणी केली. पक्षी भरले चार हजार तीनशे बारा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हेडक्लार्कांनी मात्र परिपत्रक शांतपणे तीनदा वाचलं.

"पाहुणे म्हणजे पक्षीच, असं यात कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून फाटकातून आत येणारा माणूस पाहुणा धरण्यात आला. एका रकान्यात दोन प्रकार बसत नाहीत म्हणून पक्षी वगळले. अर्ज तेवढे जुनेच राहिले, कारण नवे छापायला मंजुरी लागते.

बायकोनं माझा अर्ज उत्साहानं भरला. पिसांची स्थिती : गळती सुरू. आवाज : बाहेर मोठा, घरात नाही. घरटे : हप्त्यांवर. मग आमच्या डाव्या पायात क्रमांकाचं एकेक कडं अडकवण्यात आलं. सासूबाईंना ते इतकं आवडलं की उजव्या पायासाठीही मिळेल का, याची त्यांनी चौकशी केली.

सासूबाईंच्या कड्यावर एकोणीस हजार नऊशे नव्याण्णव हा आकडा होता. मोजणी दुपारी बाराला बंद होणार होती. हेडक्लार्क रस्त्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत होते. दुर्बीण यांना स्वतःची नोंद करता येईना, कारण ते स्थानिक प्रजातीत मोडत.

बाराला सात मिनिटं कमी असताना बांधावर एक तुतवार येऊन उतरला. मूठभर जीव, पायात परदेशी कडं. दुर्बीण यांचा चेहरा फुलला.

"साहेब, हा पाच हजार किलोमीटर उडून आलाय. याला तरी धरा."

"माझी ना नाही," हेडक्लार्क म्हणाले. "मोबाइल नंबर विचारा त्याचा. ओटीपी आल्याशिवाय नोंद होत नाही."

तुतवारानं सहकार्य केलं नाही. बाराला दोन मिनिटं कमी असताना एक मोटार करकचून थांबली आणि एक घामाघूम गृहस्थ स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारत धावत आले. आधी त्यांची चोच मोजण्यात आली. कडं अडकवेपर्यंत त्यांनी जी कळ सोसली, तिला तोड नाही. तळं वाचलं.

मग सत्कार झाला. बँड वाजला, भोंग्यावरून हेडक्लार्कांचं भाषण झालं आणि वीस हजार फुगे आकाशात सोडण्यात आले. त्या गदारोळात चार हजार तीनशे बारा पक्षी, नोंद न झालेला तुतवार धरून तेरा, एकदम उठले. आभाळ पांढरं झालं. सगळ्यांनी मोबाइल उंचावले, टाळ्या पडल्या आणि थवा गोल फिरून दिसेनासा झाला. पुढचा खेळ किती वाजता आहे, असं सासूबाईंनी विचारलं. दुर्बीण एका बाकावर बसून रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले. हेडक्लार्कांना बढतीचं पत्र संध्याकाळीच मिळालं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. पाणी होतं, बँड होता, गर्दी दुप्पट होती. पक्षी औषधालाही नव्हता. दुर्बीण यांनी मला हाताला धरून कचेरीत नेलं आणि अभिप्रायाची जाडजूड वही पुढ्यात ठेवली.

"पक्षी दिसले नाहीत, अशी एका पाहुण्याची जरी तक्रार असली ना, तरी मला भोंगे बंद करता येतात. तसा नियम आहे, फक्त एका कड्याला एकच अभिप्राय. ते परत येतील हो. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, जरा शोधून द्या."

मी आठवडाभराची पानं एकेक करून चाळली. बाक वाढवावेत, हा माझा. बँड सुरात नाही, हा बायकोचा. मोबाइलला रेंज नाही. स्वच्छतागृह वेळेवर सापडले, आभारी आहे. पक्षी हा शब्द कुणीही लिहिला नव्हता. दुर्बीण शेवटचं पान उलटेपर्यंत माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होते. त्या पानावर तुमचाही अभिप्राय होता. गाड्या लावायला ऐसपैस जागा आहे, असं तुम्ही लिहिलंय. अक्षर सुरेख आहे.