आतल्या माणसांसकट बंगला

विट्याचा तो बंगला लालासाहेबांनी फक्त आतून एकदा बघायचं ठरवलं होतं. पुढचं सगळं रामायण एवढ्यातून घडलं, हे ते अजूनही कुणाला पटवून देऊ शकलेले नाहीत. (बायकोला, अंजनावहिनींना, तर नाहीच नाही.)

लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कडेगावात ऊस, दारात बुलेट, मुलगा यशराज पुण्यात कंपनीत. पण रिकाम्या माणसाला पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायची खोड लागते, आणि शेवटच्या पानावर बँकेच्या लिलावाची जाहिरात असते. परराज्यात सोनं गाळायचं दुकान चालवणाऱ्या कुणाचं तरी कर्ज थकलेलं, त्याचा विट्यातला दुमजली बंगला बँकेनं विकायला काढलेला. भाव निम्मा. त्यांचा दुकानदार दोस्त गुंडा म्हणाला, "सुभेदार, असला घास पुन्हा गावायचा न्हाई."

पैसे होते. यशराजच्या लग्नासाठी म्हणून अंजनावहिनींनी ते बाजूला ठेवायला लावले होते, आणि 'ह्याला हात लावलासा तर बघा' असा दमही देऊन ठेवला होता. लालासाहेबांनी हिशेब केला: बंगला घ्यायचा, सहा महिन्यांत दुप्पट भावानं विकायचा, पैसे गुपचूप जागेवर. वहिनींना कळायचं कारणच नाही.

बँकेच्या साहेबानं बंगला रस्त्याच्या पलीकडून दाखवला. "जसा आहे तसा घ्यायचा. आत माणसं आहेत, बाहेरूनच बघा," म्हणाला आणि पानाच्या टपरीकडं निघून गेला. पण टेहळणी केल्याशिवाय चढाई करायची नाही, हे फौजेनं लालासाहेबांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. रविवारी सकाळी परीटघडीचे कपडे घालून ते गुंडासह थेट फाटकात उभे राहिले. आत गेल्यावर काय बोलायचं, ते आत गेल्यावर ठरवू म्हणाले.

आता आमच्या भागात लगीनसराईत, रविवारी, इस्त्रीच्या कपड्यातली दोन पोक्त माणसं अनोळखी दारात उभी राहिली, तर ती कशाला आली हे कुणी विचारत नाही. घरमालकीण दीपमालाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "स्थळाचं बघायला आलासा व्हय?"

"व्हय," लालासाहेब म्हणाले.

हा एक 'व्हय' त्यांना किती महागात पडला, ते पुढं येईलच.

पुढच्या दोन तासांत त्या बैठकीत दोन्हीकडची माणसं घामानं भिजली. दाराच्या आतल्या बाजूला बँकेची नोटीस होती, तिच्यावर घाईघाईनं गणपतीचं कॅलेंडर अडकवलेलं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ते सारखं उडत होतं. घराचा मालक ज्योतिबा बोलता बोलता उठून ते दाबून धरायचा. लालासाहेब दर वेळी छताकडं बघायचे. दोन्हीकडचे पै-पाहुणे एकच निघाले, ज्योतिबाची चुलत मावशी लालासाहेबांच्या भावकीत दिलेली निघाली, मग तर पोह्यांवर शिराही आला.

पोहे घेऊन मुलगी आली, शिवांजली. फार्मसी शिकलेली, नजरेला नजर देणारी. रिवाजाप्रमाणं तिला चार प्रश्न विचारायला हवे होते.

"बाळ," लालासाहेब म्हणाले, "पावसाळ्यात स्लॅब गळतोय का?"

गुंडाला ठसका लागला. "म्हंजी, स्वयंपाक येतो का, असं विचारायचंय त्यास्नी."

"स्लॅब गळतोय, आणि स्वयंपाक येतोय," शिवांजली म्हणाली.

मग लालासाहेबांनी हात धुवायच्या निमित्तानं घरातले सगळे नळ सोडून बघितले, भिंतीवर टिचक्या मारल्या, गच्चीवर जाऊन दोन उड्या मारल्या. दीपमालाबाई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "लय चौकस सासरा हाय." निघताना ज्योतिबानं नंबर आणि पत्ता मागितला. लालासाहेब खोटं काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात गुंडानं मदत म्हणून खराखुरा पत्ता सांगून टाकला. वर घराची खूणही सांगितली.

लिलाव मोबाईलवर झाला. गुंडाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं बसले. समोरचा कोण होता देव जाणे, पण तो दर वेळी शेवटच्या क्षणाला वर चढायचा. लालासाहेब दर बोलीआधी अंगठा सदऱ्याला पुसायचे. सीमेवर चाप ओढताना तो कधी पुसावा लागला नव्हता. अखेर समोरचा गप्प झाला आणि गुंडा ओरडला, "गड्या, बंगला आपला!" पाव रक्कम त्याच दिवशी भरली. म्हणजे यशराजच्या लग्नाचे पैसे गेले. उरलेली पंधरा दिवसांत भरायची होती, आणि त्यासाठी जोडनावावरची ठेव मोडावी लागणार होती, म्हणजे वहिनींची सही लागणार होती, हे हिशेबात धरायचं राहूनच गेलं होतं. सही नाही झाली तर भरलेली पावही बँकेच्या घशात जाणार होती.

"आणि ताबा कवा?" लालासाहेबांनी विचारलं.

"ताबा कागदोपत्री आमच्याकडे आहे," बँकेचा साहेब म्हणाला. "माणसं बाहेर काढायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश, मग पोलीस. वर्ष धरून चाला. ती आपणहून उठली तर प्रश्नच नाही."

त्याच संध्याकाळी फोन आला. "पाव्हणं, ज्योतिबा बोलतोय. रविवारी तुमचं घर बघायला येतोय."

"नगं, नगं, ऊसतोड चाललीया. आणि, ह्ये... मंडळी आजारी हाय." मंडळी त्या वेळी अंगणात दोन हातांनी म्हशीला मागं रेटत होती.

"वैनी आजारी हायती? मग तर यायलाच पायजे," असं म्हणून ज्योतिबानं फोन ठेवला.

शनिवारी लालासाहेब बायकोला म्हणाले, "इस्लामपूरला म्हायेराला जाऊन ये की दोन दिस." उभ्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. अंजनावहिनींनी हातातलं काम ठेवलं, नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आता तर उंबऱ्याभाईर पाय टाकत न्हाई."

रविवारी गाडी दारात थांबली. ज्योतिबा, दीपमालाबाई आणि हट्टानं बरोबर आलेली शिवांजली. दीपमालाबाईंनी येऊन वहिनींचा हातच धरला. "ताप उतरला का वं? फोनवर धड इचारपूस करता आली न्हाई. आणि आमची लेक पसंत पडली म्हणायची न्हवं?"

वहिनींनी एकदा नवऱ्याकडं बघितलं. पण दारात आलेल्या माणसांसमोर घरची धुणी धुवायची त्यांची रीत नव्हती. "उतरला," त्या म्हणाल्या. "बसा, ताटं घेते."

ज्योतिबा जेवायला बसला खरा, पण घास घेईना. शेवटी त्यानं ताटाला हात जोडले. "पाव्हणं, नातं जोडायचं तर लपवून ठिवणं बरं न्हवं. धंद्यात बुडालो. आमचं घर बँकेनं लिलावात काडलं, आणि कुणीतरी घेतलं बी. बापानं बांधल्यालं घर कुण्या उपटसुंभानं मोबाईलवर बोट दाबून घेतलं. कदी भेटला तर इचारणार हाय, झोप लागती का रं तुला?"

"किडं पडतील मेल्याला," वहिनी कळवळून म्हणाल्या. "बायकापोरं नसतील का वं त्याला?"

लालासाहेबांच्या तोंडात बासुंदी होती. ती खालीही जाईना आणि बाहेरही काढता येईना. त्यांना खरोखर लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा इतकी. घोट गिळून ते म्हणाले, "त्यो उपटसुंभ मीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं, उड्या मारल्या ते सुद्धा. वहिनींच्या हातातला डाव पातेल्यात पडला. ज्योतिबा ताटावरून अर्धा उठला.

"थांबा बाबा," शिवांजली म्हणाली. "स्लॅबचं विचारलं तवाच मला वाटलं हुतं कायतरी हाय. घर तर जाणारच हुतं, ह्यांनी घेतलं नसतं तर दुसऱ्यानं. काका, एकच सांगा. पोरगा तरी खरा हाय का?"

वहिनींनी मोबाईल काढून यशराजला व्हिडिओ कॉल लावला. "ह्यो बघ. जेवलास का रं? बरं, ह्या पोरीशी बोल." आणि फोन तिच्या हातात देऊन त्या ज्योतिबाकडं वळल्या. "ह्यांचं खोटं असंल, माझं न्हाई. पोरगी मला आवडली. आणि तुमी ऱ्हावा त्याच घरात, जोवर सावरत न्हाई तोवर. कोण उठीवतंय बघते."

इथंच ज्योतिबा ताठ झाला. "लेकीच्या सासऱ्याच्या घरात फुकट ऱ्हायचं? लोक श्यान घालतील तोंडात. आठ दिसांत घर मोकळं करतो."

आणि त्यानं केलं. जे बँकेला, दंडाधिकाऱ्याला आणि पोलिसांना मिळून वर्षभरात जमलं नसतं, ते वहिनी नको नको म्हणत असताना झालं. भावाच्या घरी सामान हलवताना ज्योतिबानं किल्ली लालासाहेबांच्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. वहिनींनी ठेवीच्या कागदावर सही केली, नवऱ्याशी एक अक्षर न बोलता. (ते एक अक्षर त्या अजूनही बोललेल्या नाहीत.)

लग्न ठरलं. पण शिवांजलीनं सांगितलं, बाबा डोळे पुसत बाहेर पडले त्या घरात मी नांदणार नाही. यशराज म्हणाला, ती म्हणेल तसं. वहिनी भिंतीला सांगितल्यागत म्हणाल्या, मी तिथं पाणीही पिणार नाही. गिऱ्हाईक तर कुणी फिरकेना, लिलावातलं घर लाभत नाही म्हणतात. त्यात बंगला रिकामा दिसल्यावर चोरांनी पहिल्या आठवड्यात गच्चीवरचे नळ नेले. राखणीला माणूस ठेवायचा तर पैसा शिल्लक नव्हता.

सध्या तिथं लालासाहेब असतात. फाटकावर नजर राहावी म्हणून पोर्चमध्येच खाट, कोपऱ्यात स्टोव्ह, हातात काठी. परवा शेजारची बयाबाई कुंपणावरून भाकरी देत म्हणाली, "खावा बापडं. कुण्या येड्यानं घेतलाय म्हणं ह्यो बंगला, आणि म्हाताऱ्या वाचमनला उघड्यावर टाकलाय. पगार तरी देतोय का त्यो येळंवर?"

लालासाहेबांनी भाकरी घेतली. "न्हाई वं मावशी," ते म्हणाले.