पॅक लावलेल्या बाईचं मत

पार्लरवालीला कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. किटलीवाले मत मागायला आले की ती म्हणे, "हो हो, बघू ना." शिडीवाले आले की म्हणे, "बघू ना, हो." किटली आणि शिडी ही दोन पक्षांची चिन्हं. गावातलं यच्चयावत माणूस यातलं एक काहीतरी धरून बसलं होतं. पार्लरवालीचा नवरा तर शिडीवर इतका वर चढला होता, की त्याला खालचं काही दिसेनासं झालं होतं. बायकोचं हे गुळमुळीत बोलणं ऐकून त्याने तिचं नावच ‘तळ्यात-मळ्यात’ ठेवलं.

"अगं, माणसाला काहीतरी मत असावं," तो म्हणे.

"आहे की."

"काय आहे?"

"बाजारात बायकांसाठी एक बाथरूम हवं."

"ह्याला मत नाही म्हणत, ही तक्रार झाली. मी देशाबद्दल बोलतोय."

"देशातल्या बायका जातात कुठे मग?"

यावर नवरा पेपर उघडायचा. आता खरं सांगायचं तर बाईचं काही चुकत नव्हतं. पार्लर बाजाराच्या टोकाला, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दुकानात नळ होता, पण बाथरूम नव्हतं. म्हणून ती सकाळी दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. त्याचा व्हायचा तो परिणाम झालाच. डॉक्टरांनी तिला नुकतंच बजावलं होतं, की भरपूर पाणी प्या, नाहीतर ते पार्लर बंद करून घरी बसा. आणि हे पार्लर तिने स्वतःच्या हिमतीवर, खुर्च्या सेकंडहँड आणून, भिंती स्वतः रंगवून उभं केलं होतं. घरी बसायचं नुसतं मनात आलं तरी ती पुन्हा एकदा आरसे पुसायला लागायची.

तर मतदान तोंडावर आलेलं. त्या संध्याकाळी टाउन हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांची समोरासमोर चर्चा ठेवली होती. शिडीतर्फे उभ्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, आणि किटलीतर्फे औषधाच्या दुकानाच्या मालकीण, ज्यांना सगळे औषधवाल्या ताई म्हणत. दोघींमधून विस्तव जात नव्हता. लाउडस्पीकरवरून एकमेकींचा इतका उद्धार करून झाला होता, की आता नवीन काही बोलायचं उरलं नव्हतं.

सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज पार बसलेला. "उन्हात फिरून तोंड काळवंडलंय गं. जरा पॅक लावून दे. पण गुपचूप हं. लोक म्हणतील, गावात नळाला पाणी नाही आणि ही तोंडाला माती फासून बसलीय."

"दुपारी या ना," पार्लरवाली म्हणाली. "तेव्हा चिटपाखरू नसतं."

थोड्या वेळाने औषधवाल्या ताईंचा फोन. तेच काळवंडलेलं तोंड, तेच गुपचूप. आता इथे कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, ताई, दुपारी जमायचं नाही. पण आमची पार्लरवाली म्हणाली, "दुपारी या ना. तेव्हा चिटपाखरू नसतं." आपण काय करून बसलो, ते तिला फोन ठेवल्यावर कळलं. पण एकदा हो म्हटलेलं मागे घ्यायचं म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचं, आणि ते काही तिच्याच्याने झालं नाही.

दुपारी मागच्या दाराने आधी मोठ्या बाई आल्या. पार्लरवालीने त्यांना झटपट खुर्चीत आडवं केलं, केस टॉवेलमध्ये गुंडाळले, तोंडभर मातीचा जाड पॅक लावला आणि डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. मोठ्या बाई आता कुणाच्याही मोठ्या बाई दिसत नव्हत्या. मग त्याच मागच्या दाराने औषधवाल्या ताई आल्या.

"ही कोण?" त्यांनी खुणेनेच विचारलं.

"गिऱ्हाईक आहे एक," पार्लरवाली कुजबुजली, आणि ताईंनी आणखी काही विचारायच्या आत त्यांच्याही तोंडावर पॅकचा थर चढला. टॉवेल, काकडी, सगळं झालं. शेजारी शेजारी दोन खुर्च्यांत दोन मातीचे मुखवटे. वेळेवर एकीला धुऊन बाहेर काढायची, मग दुसरीला. पार्लरवालीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि नळ उघडला.

नळाने हवा सोडली. मग तीही संपली.

तिने बादलीकडे पाहिलं. रोज काठोकाठ भरून ठेवलेली बादली जागेवर नव्हती. तेव्हा तिला आठवलं की सकाळीच नवरा ती घेऊन गेला होता. शिडीची पोस्टरं चिकटवायला खळ करायची होती. "तासाभरात आणतो," असं म्हणाला होता. राजकारणातल्या माणसाचा शब्द तो.

आणि हा पॅक असा, की वाळला आणि कोरडाच ओढून काढला तर चेहऱ्याचा टोमॅटो होतो. दोघी उमेदवार संध्याकाळी टाउन हॉलमध्ये लालबुंद तोंडं घेऊन उभ्या राहिल्या, तर पार्लर बंद करायला डॉक्टरांची गरजच पडणार नव्हती. "मी आलेच हं, हलू नका," असं म्हणून ती नवऱ्याला फोन लावत बाहेर धावली. चहाच्या टपरीवरून पाण्याचा कॅन घेऊन ये, असं तिने त्याला निक्षून सांगितलं. परत येऊन पडद्यापाशी पोचते, तो आतून बोलण्याचे आवाज.

"मग, मत कुणाला देणार?" हा बसलेला आवाज मोठ्या बाईंचा. प्रचाराची सवय, दुसरं काय.

पार्लरवाली पडद्याआडच थांबली.

आता औषधवाल्या ताईंची पंचाईत. स्वतःला देणार म्हटलं तर गुपित फुटतं. "अजून ठरलं नाही हो," त्या ओठ न हलवता, ओळखू न येणाऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही?"

"माझंही नाही ठरलं."

दोघींच्या मनात एकदमच चांदणं पडलं असणार. मत न ठरलेली मतदार, तीही एकटी, आणि पॅक वाळेपर्यंत उठून जाऊ न शकणारी. असं घबाड प्रचारात पुन्हा मिळत नाही.

"काय बघून ठरवाल?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ताईंना अख्खा जाहीरनामा तोंडपाठ होता. त्या ‘रिंगरोड’ म्हणायला गेल्या, तर गालावर तडा गेल्यासारखं झालं. पॅक वाळला की माणसाला मोजकंच बोलता येतं, आणि मोजकंच बोलायचं म्हटलं की खरं तेवढंच बाहेर येतं. "बाथरूम," ताई म्हणाल्या.

"काय?"

"बाजारात बाथरूम नाही. सकाळपासून पाणी प्यायले नाहीये मी."

मोठ्या बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मीही नाही. बरोबरचे पुरुष कुठेतरी आडोशाला जाऊन येतात आणि म्हणतात, चला पुढच्या गल्लीत."

"कुठले पुरुष?"

"नातेवाईक."

"आमचेही तसेच आहेत," ताई म्हणाल्या. "आणि बाजारामागचा दिवा बंद. लेकीला क्लासवरून आणायला मला जावं लागतं."

"बसही लवकर बंद होते. माझ्या सुनेने त्यापायी नोकरी सोडली. चांगली नोकरी होती." मोठ्या बाईंचा आवाज आणखीच बसला. "घरात कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही."

"आणि हा नळ."

यावर दोघी नाकातून हसल्या. "हसवू नका हो, तडा जाईल," ताई म्हणाल्या. "पण त्या दोघी उभ्या आहेत ना, त्यांतली एक तरी हे बोलते का?"

"छे. एकीचा रिंगरोड, एकीचं कारंजं."

"नुसत्या भांडतात."

"अगदी. लाज वाटते ऐकायला," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत असावी.

तेवढ्यात गळ्यात शिडीचं उपरणं आणि खांद्यावर पाण्याचा कॅन अशा थाटात नवरा आत शिरला. दोन मुखवटे पाहून तो आधी दचकला आणि मग कार्यकर्त्यासारखा हसला. "काय वहिनी, मत शिडीलाच ना?"

"बाथरूम बांधणार का बाजारात?" मुखवट्याआडून त्याच्याच उमेदवाराने विचारलं.

"अहो, बाथरूमचं काय घेऊन बसलात. बायकांची मतं काय, घरचे सांगतील तिकडे जातात. आमची ही बघा, सदानकदा तळ्यात-मळ्यात. शेवटी मी सांगतो तिकडेच देणार."

"तुमच्या उमेदवारही बाईच आहेत ना?" मोठ्या बाईंचा आवाज पॅकपेक्षा कोरडा झाला होता.

"त्या फक्त उभ्या आहेत हो. बोलायचं काय, ते आम्ही लिहून देतो."

पार्लरवालीने त्याच्या हातातला कॅन घेतला आणि त्याला बाहेर काढलं. मोठ्या बाईंचं तोंड तिने आधी धुतलं. जाताना शेजारच्या खुर्चीकडे बघून त्यांनी हात जोडले, पण काकडीआडून ते ताईंना दिसलं नाही. मग ताईंना धुऊन मागच्या दाराने पाठवलं, तेव्हा कॅनमध्ये पेलाभर पाणी उरलं होतं. पार्लरवाली ते प्यायली नाही. दुकान बंद व्हायला अजून अवकाश होता.

संध्याकाळी टाउन हॉल भरलेला. नवरा पहिल्या रांगेत, पार्लरवाली शेवटच्या. निवेदकाने विचारलं, निवडून आलात तर पहिलं काम कोणतं?

मोठ्या बाईंच्या हातात लिहून दिलेला कागद होता. त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. "बाजारात बायकांसाठी बाथरूम," त्या म्हणाल्या. "मग बाजारामागचा दिवा. मग बस."

नवरा खुर्चीतून अर्धा उठला. पण त्याच्या आधी औषधवाल्या ताई उठल्या. "हे माझं होतं," त्या म्हणाल्या. "हेच सगळं मी बोलणार होते. यांनी चोरलं."

"मी कशाला चोरू? मला आज एका साध्या मतदार बाईने सांगितलं."

"मलाही एका बाईनेच सांगितलं. फार समजूतदार बाई होती."

"माझी तुमच्या बाईपेक्षा समजूतदार होती."

निवडणुकीतलं सगळ्यात कडाक्याचं भांडण ते हे. फक्त या खेपेला भांडण बाथरूम कोण आधी बांधणार यावरून होतं, आणि मागच्या रांगांतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. पार्लरवालीने पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं, ही हसतेय. ती रडत होती.

निवडून किटली आली, थोडक्यात आली. पण दोघींनी भरसभेत शब्द दिलेला. ताई जरा कुठे ढिल्या पडल्या की मोठ्या बाई नगरपालिकेत जाऊन खुर्ची टाकून बसायच्या. त्यामुळे बाथरूम बांधून झालं, दिव्यासकट. त्यात चोवीस तास पाणी यावं म्हणून वर टाकीही बसली. बस मात्र अजून यायची आहे, ती येईल तेव्हा खरी.

उद्घाटनाच्या आधी ताई पार्लरमध्ये आल्या. हातात पाण्याची एक छानशी बाटली होती. "त्या दिवशी शेजारी एक बाई होत्या बघ. त्यांना ही दे. म्हणावं, आता खुशाल पाणी प्या. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. मतही त्यांनी मलाच दिलं असणार, नाहीतर मी कसली निवडून येतेय. खरं तर अशा बाईने निवडणुकीला उभं राहायला हवं."

"हो हो, देते ना," पार्लरवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. त्यांच्याही हातात बाटली. "मी हरले, त्याचं काही नाही. पण त्या शेजारच्या बाईचं मत मला पडलं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. नुसतं तेवढ्यावर मला झोप लागते. तिला माझे आभार सांग. अशी माणसं उभी राहत नाहीत गं, हेच आपलं दुर्दैव."

"हो हो, सांगते ना," पार्लरवाली म्हणाली.

आणि तिने दोन्ही बाटल्या ज्या त्या बाईला पोचवल्या. नाही म्हणायची सवयच नव्हती, आणि या खेपेला इच्छाही नव्हती.

उद्घाटनाला दोघी व्यासपीठावर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि एकमेकींनी दिलेल्या बाटल्यांतून पाणी पीत होत्या. भरदुपारी पार्लरवालीही तांब्याभर पाणी प्यायली, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. त्या दिवशी दगा दिलेल्या नळाला तिने मनातल्या मनात नमस्कार केला. बादली पळवणाऱ्या नवऱ्यालाही केला. तो शेजारीच उभा होता, शिडीचं उपरणं आता खिशात.

"एक सांगशील?" तो हळूच म्हणाला. "मत तू नक्की कुणाला दिलंस?"

"पॅक लावलेल्या बाईला."

"ती कुठे उभी होती?"

"होती की," पार्लरवाली म्हणाली, आणि आणखी एक पेला भरायला गेली.