पेचकसवाल्या वाघमारे सिस्टर

वाघमारे सिस्टरच्या पर्समध्ये पावडर, कंगवा असलं काही नसायचं, पेचकस असायचा. नांदेडकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात त्या टीबीचा वॉर्ड सांभाळायच्या आणि मी औषधं द्यायचो. थंडीत कुणी वॉर्डाची खिडकी लावली, की सिस्टर स्क्रू काढून तावदानच उतरवून ठेवायच्या. "वारा खेळू द्या. जंतूला कोंदट जागा लई आवडती," हे ठरलेलं वाक्य. एका लग्नात तर मुठीत अक्षता धरून त्या कार्यालयाच्या खिडक्या उघडत फिरल्या होत्या.

अशा बाईच्या नाकासमोर खोकल्याच्या रुग्णांच्या खोलीत एसी बसला आणि खिडक्या कायमच्या बंद झाल्या. त्याच खोलीत सफाई कामगार गफूरभाई दिवसभर झाडू मारायचे, थुंकीच्या डब्या उचलायचे, तेही तोंडाला साधा रुमाल बांधून. चांगले मास्क फक्त आम्हाला. सिस्टरनी मोठ्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तो ठेकेदाराचा माणूस आहे. आपला नाही."

"मग तसं जंतूला सांगा साहेब. म्हणावं, ह्यो ठेकेदाराचा हाय, ह्याला सोड."

जंतूनं सोडलं नाही. पावसाळ्यात गफूरभाईंना खोकला लागला, तपासणीत टीबी निघाला. ठेकेदारानं त्यांना घरी बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी नवा माणूस आणला. त्याच्याही तोंडाला रुमालच.

"माणूस म्हंजे काय झाडू हाय का, झिजला की दुसरा आणायला?" सिस्टरनी मला विचारलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी बैठक लावली. सिस्टरनी खोकल्याचे रुग्ण बाहेर कडुलिंबाखाली बसवले आणि बैठकीच्या खुर्च्या त्या खोलीत मांडल्या. "बसा साहेब, गार हाय. पेशंट आत्ताच उठून गेलेत."

साहेब दारातच थबकले. नाकाला रुमाल लावला.

"पुरतो न्हवं रुमाल? गफूरभाईला तर ह्याच्यावरच भागवाय लावलं आपण."

बैठक लिंबाखालीच झाली. पुढं एसी निघाला, खिडक्या उघडल्या, सफाईवाल्यांना चांगले मास्क मिळाले. सिस्टरना मात्र 'वरिष्ठांचा अपमान केला' अशी नोटीस मिळाली. ती वाचून त्यांनी विचारलं, "ह्याच्यात खोटं काय लिवलंय का? न्हाई ना. मग राहू द्या."

उपचार पूर्ण करून गफूरभाई परत आले. ठेकेदाराच्या मागं लागून सिस्टरनीच त्यांना कामावर घ्यायला लावलं. पण आमच्या लोकांनी त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवला. ते जिन्याखाली एकटेच डबा खाऊ लागले.

वाघमारे सिस्टर एकट्या राहायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाबरोबर जेवताना पाहिलं नव्हतं. टीबी वॉर्डाच्या बाईला कुणी पंगतीत ओढत नसे. त्या दुपारी त्या जिन्याखाली गेल्या, खाली फतकल मारून बसल्या आणि गफूरभाईंच्या डब्यातली वांग्याची भाजी आपल्या भाकरीवर घेतली.

"सिस्टर, उष्टं हाय ते," गफूरभाई पुटपुटले.

"हाव. अन् मीठ कमी हाय," सिस्टर म्हणाल्या, आणि आपला डबा त्यांच्याकडे सरकवला.