पिहतिये कुणी खाल्लं नाही?

"या घरात ताट नाकारलं त्यानं घर नाकारलं, सूनबाई."

सासूबाईंना जाऊन सोळा वर्षं झाली, तरी हा आवाज राडोयकाच्या कानात राखेखालच्या निखाऱ्यासारखा जिवंत होता. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातात पिहतियेचा वाडगा होता. डुकराच्या पायांचा रस लसूण घालून आटवायचा, थंडीत गोठवायचा, आणि थरथरता वाढायचा.

यंदा घराण्याच्या संताच्या, योवानच्या, सणाला घरचे धरून एकतीस पानं उठली आणि दुसऱ्या दिवशी एकोणीस जण परसाकडे धावत सुटले. गावानं साक्षीपुराव्याशिवाय पिहतियेला दोषी ठरवलं. सणाचा केक करून आणणारी नणंद ल्युबिंका तर दारात येऊन गोड आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी मीच करीन हो वहिनी. तुझा हात थकला आता."

तेव्हापासून राडोयका भांडी घासत नव्हती, बडवत होती.

पाचव्या दिवशी साथींचा छडा लावणाऱ्या डॉक्टर स्लावेन्का कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. कोणी काय खाल्लं, कोण आजारी पडलं, सगळं विचारलं. फक्त विचारलं ते सगळ्यांना राडोयकाच्याच स्वयंपाकघरात जमवून, आणि राडोयका डाव घेऊन प्रत्येकाच्या पाठीमागे उभी. एकतीसच्या एकतीस जणांनी सांगितलं, सगळं खाल्लं. पिहतिये तर दोनदा.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल आपटली. "खाणारे एकीकडे, न खाणारे दुसरीकडे. कुठल्या गटात जास्त आजारी पडले ते बघायचं, एवढाच माझा अभ्यास. सगळेच खाणारे असले तर तुलना कुणाशी करू? मग मलाही गावासारखंच लिहावं लागेल, पिहतिये म्हणून."

ल्युबिंकानं समाधानानं कॉफीचा घोट घेतला. ते राडोयकाच्या नवऱ्याला, मिलिसावला, पाहवेना.

"मी खाल्लं नाही," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "सत्तावीस वर्षं खाल्लेलं नाही. कुत्र्याला घालतो. कुत्रा ठणठणीत आहे, मी तीन दिवस आडवा होतो."

डाव हवेतच थांबला. मग कोपऱ्यातून एक हात वर आला, मग दुसरा. मिलिसाव धरून अकरा झाले. खाणाऱ्या विसांत बारा आजारी, न खाणाऱ्या अकरांत सात; दोन्हीकडे प्रमाण जवळजवळ सारखंच. डॉक्टरीणबाईंनी पिहतियेवर काट मारली, पान उलटलं आणि ल्युबिंकाकडे वळून विचारलं, "तुमच्या केकच्या क्रीममध्ये अंडी कच्चीच होती का हो?"

ल्युबिंकानं कप घाईघाईनं बशीत ठेवला. पण राडोयकानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, डोळ्यांतून विस्तव सांडत.

"सत्तावीस वर्षं," ती म्हणाली. "दर हिवाळ्यात दोन दिवस चुलीपुढे भाजून निघते मी. आधी सांगता आलं नाही?"

राडोयकानं खुर्ची ओढली, धपकन बसली, आणि डाव मांडीवर ठेवला.

"माझंही बदला, डॉक्टरीणबाई. मीही आजारी होते, लपवलं. आणि मीही ते कधी खाल्लेलं नाही."