गाडीखालचा नारळ

नवी गाडी दारात आली की तिच्यापुढे नारळ फोडायचा रिवाज सगळीकडे आहे. आमचा बाबीमामा नारळ फोडत नाही. तो गाडीखालून सोडतो.

तोही सोललेला नव्हे, असोला. अंगावर सोडण, म्हणजे काथ्याचं साल, तसंच असलेला. गुडघे टेकून, एक डोळा मिटून तो नारळ या बाजूने ढकलतो आणि कंबरेवर हात ठेवून पलीकडे जाऊन उभा राहतो. नारळ बाहेर आला तर गाडी पास. अडकला तर म्हणतो, "ही गाडी न्हय रे, ह्यो पाट. ह्येच्यार बसान जेवा."

माझी गाडी बँकेतल्या कारकुनाला शोभेल अशी, सेकंडहँड आणि बुटकी. तिच्याखाली नारळ जो अडकला तो पुढे जाईना, मागे येईना. शेजारणीच्या मासे सुकवायच्या मांडवातला बांबू उपसून आणला आणि अंगणात पालथा पडून मी अर्धा तास झगडत होतो. बायको दारातून म्हणाली, "अडलीय का हो? सुईणीला बोलावू?" शेवटी सुटका झालेल्या त्या नारळाची तिने सोलकढी केली. मला त्या कढीला पेट्रोलचा वास आला, पण तसं बोलायची ती वेळ नव्हती.

बाबीमामा म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ. जन्मभर बोटीवर इंजिन सांभाळलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होऊन मालवणजवळच्या आमच्या वाडीत, तीन घरं सोडून असलेल्या आपल्या जुन्या घरी राहायला आला. दोन हजार पाचच्या सुमारास त्याने गाडी घ्यायचं मनावर घेतलं. मी शर्ट खोचतो, त्यामुळे शोरूमवाले मान देतील, असा त्याचा समज होता म्हणून मला बरोबर नेलं. त्यांनी मान दिलाही. मामाने खिशातून सुंभ काढेपर्यंत.

काथ्याचा हातभर लांब तो दोर. त्याला दोन गाठी होत्या. एक खालून वीतभरावर, दुसरी बरीच वर. मामा सुंभाचं टोक फरशीला टेकवायचा. खालची गाठ गाडीच्या पोटाशी लावून बघायचा, मग दार उघडून वरची गाठ पुढच्या डाव्या सीटला लावायचा. टायवाला विक्रेता चामड्याच्या सीटा, छताची खिडकी आणि आठ स्पीकरांबद्दल बोलत असायचा, आणि मामा त्याच्या पायांशी वाकून सुंभ ताणत असायचा.

"सर, सगळी मापं कॅटलॉगमध्ये दिलेली आहेत."

"कॅटलॉगाक गाठी खंय आसत?"

जिपांसारख्या उंच गाड्या बघून तो मान हलवायचा. "ह्येच्यात चढाक व्हया." नेहमीच्या गाड्या बघून म्हणायचा, "ह्येच्यात उतराक व्हया. माका चढाचा नाय, उतराचा नाय. नुसता बसाचा आसा."

"पण मामा, ह्यो गाठी कसल्यो?"

"तुका कळाचा नाय. तू शर्ट नीट खोच."

कोल्हापूर झालं, पणजी झाली. शेवटी मुंबईत एक सापडली. परदेशी, लांबलचक, मागे सामानाची खोलीच. दिसायला कार, पण पोट जमिनीपासून चांगलं उंच, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना. विक्रेता ऑल व्हील ड्राइव्ह की काय ते म्हणाला. मामा म्हणाला, "म्हंजे चारय चाकां वढतत." दोन्ही गाठी जुळल्या. रंग कुठला हवा, हे तो सांगायलाच विसरला. गाडी निळी आली.

आमच्याकडे शुभकार्याला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवाला मोठ्याने विनवतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. मामाच्या गाडीलाही ते देवळासमोर झालं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान नयी गाडी हाडल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत खंय धोंडो इलो, तर तो बाजूक कर रे..."

"बाजूक कित्याक?" मामा मध्येच ओरडला. "खालसून जावंदे! गाडी उंच आसा!"

जाणत्याने एकदा देवळाच्या कळसाकडे पाहिलं. मग आवाज चढवून म्हणाला, "तर तो खालसून जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. त्यात माझाही आवाज होता.

त्या दिवसापासून मामाला जगात फक्त चाकं दिसू लागली. भजनात झांजवाला मागे पडला की, "ह्येचा मागचा चाक फिरनाच नाय." माझ्या घरी चहा पिऊन माझ्याच बायकोला म्हणाला, "तुमच्या संसाराचा एकच चाक वढता गो. तुझा." बायकोने त्याला दुसरा कप दिला. मला पहिलाच अजून मिळायचा होता.

आषाढात त्याने नवीनच सुरू केलं. पुढच्या डाव्या सीटवर तांब्याची कळशी काठोकाठ भरून ठेवायची, तिला पट्टा बांधायचा आणि मला मागे बसवून आडरस्त्याने गाडी हाकायची. परत आल्यावर सीट चाचपायची. पहिल्या दिवशी अर्धी कळशी सांडली. चामड्याच्या सीटवर तळं झालं. मामा टॉवेलने टिपत म्हणाला, "ब्रेक जोरात लागलो."

लोक हसले. एवढी भारी गाडी घेऊन म्हातारा पाणी वाहतो! बायको मला म्हणाली, "कळशी पुढे आणि तुम्ही मागे. तुमची किंमत ओळखली मामांनी." पण श्रावण संपताना त्याने कुणकेश्वरापर्यंत जाऊन येऊन मला सीट चाचपायला लावली. ती कोरडी होती.

तेव्हा तो म्हणाला, "औंदा चवथीक बायेक हाडतलंय."

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी शालूमावशी. त्यांची आई गेली तेव्हा मामा चार वर्षांचा होता. पंधरा वर्षांच्या शालूमावशीने त्याला वाढवलं. तिचं सासर फोंडाघाटाजवळ, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या एका वाडीत. दर चतुर्थीला ती माहेरी यायची ती माटी बांधायला. माटी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट. तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधतात. सहा वर्षांपूर्वी अंगणात पडून तिचं कंबरडं मोडलं, आणि माहेर तुटलं. खाली वाकवेना, वर चढवेना, धक्का सोसवेना. एकदा जिपेतून आणायला गेले तर व्हाळातल्या धोंड्यावर असा दणका बसला की तिथूनच परत न्यावी लागली. तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "आता माका न्हेव नको." मामा दरवर्षी माटी स्वतः बांधायचा. ती दरवर्षी डावीकडे कलायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. पुढे कळशी, मागे मी, माझ्या मांडीवर नारळ. व्हाळात गुडघ्याखाली पाणी होतं आणि मधोमध तो कुप्रसिद्ध धोंडा. मी डोळे मिटले. खालून नुसता पाण्याचा खळखळाट ऐकू आला. मामाने फक्त एकदा कळशीकडे पाहिलं. एरवी त्याने चाकांवर भाषण दिलं असतं.

शालूमावशी ओट्यावर बसली होती. गाडी बघून तिने हातच जोडले. "नको रे बाबी. गेल्या खेपेक जीव जावचो रवलो. माका हयसरच बरा."

"एकदा बसान बघ गो बाय. नाय जमला तर परत ओट्यार बस."

"तुझा कायव आयकू नुको. लहानपणी असाच सांगान माका फणसार चढवलंस."

मामाने कळशी काढून माझ्या हातात दिली आणि गाडी ओट्याला समांतर आणून दार उघडलं. मावशी काठी टेकत उठली. दोन पावलं चालली, पाठ वळवली, मागे हात लावला आणि बसली.

नुसती बसली. वाकली नाही, चढली नाही, "आई गे" म्हटलं नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. तिने सीटवर हात फिरवला, मग ओट्याकडे बघितलं.

"मेल्या," ती म्हणाली, "दिवाळेक इल्लंस तेव्हा ओट्याक सुंभ लावन मापीत होतंस, ता ह्येच्यासाठी? माका वाटला, ओटो मोडून नवो बांधतलंस."

मामाने ऐकलंच नाही असं दाखवून पट्टा लावायला घेतला. तो त्याला पटकन लागेना. कळशीला तर एका हाताने लावायचा. कळशीतलं पाणी मी तुळशीला घातलं.

परत येताना व्हाळाशी मात्र मामा थांबला. "बाय, आता बघ हां. चारय चाकां वढतत."

"माका काय करूचा हा चाकांचा? तू फुडे बघ."

धोंडा खालून गेला; सुंभाची खालची गाठ त्याच्याच मापाची होती. मावशीला तो कळलाच नाही. ती मला कांगण्या नि हरणं ही माटीची फळं-फुलं कुठे मिळतील ते विचारत होती.

मामाच्या दारात गाडी थांबली. मावशीने पाय बाहेर टाकले, ते थेट जमिनीवर आले. माझ्या बायकोचा हात धरून ती आत गेली. क्षणभराने आतून आवाज आला, "मेल्या बाबी! माटी डावीकडे कलली हा! सहा वर्सां अशीच बांधतंस?"

मामा गाडीच्या पलीकडे जाऊन गुडघ्यावर बसला होता, डोकं पार गाडीखाली घालून.

"काय बघतंस मामा?"

"नारळ," खालून घोगरा आवाज आला. "नारळ खालसून जाता काय बघतंय."

नारळ माझ्या हातात होता. मी हळूच खाली बसलो आणि तो त्याच्या दिशेने सोडला.