हळदीला उघडी पाठ

गास गावच्या नर्मदाबाईंच्या घरात सगळं समान वाटलं जायचं. म्हणून थोरल्या मितेशच्या पाठीवर गजकर्ण उठलं आणि डॉक्टर रोझलिननी त्याला महिनाभराच्या गोळ्या नि मलम दिलं, तेव्हा बाईंनी त्याचेही चार वाटे केले. केळीच्या वाडीत ओल्या कपड्यांनिशी राबून नवरा हरिश्चंद्र, धाकटा जितेंद्र आणि त्या स्वतः, सगळेच खाजवत होते. एकट्या मितेशनं बरं व्हावं हे त्यांच्या न्यायात बसेना.

आठवड्यात सगळ्यांची खाज थांबली. बाईंनी खुशीत खांडवी केली. पुढल्या पंधरवड्यात मितेशच्या पाठीवरची चकती परत आली, ती भावंडांना घेऊनच.

आता मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मितेशची हळद दीड महिन्यावर आली होती. नवरदेव उघड्या अंगानं पाटावर बसणार आणि नणंद मनोरमावन्सं समोर असणार. त्यांना दिसलं की सोपाऱ्यापासून विरारपर्यंत कुणाला सांगायची गरज उरली नसती.

"गोळ्या संपल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाटून खाल्ल्या," बाई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, हे औषध बुरशीला तिचं कवच बांधू देत नाही. मग ती हळूहळू मरते. पण खाज आधी जाते, बुरशी मागाहून. तुम्ही तिला अर्धमेली करून सोडलीत!"

"म्हंजे नुसता दम देऊन भागायचा नाय. पार मारायची?"

"पार! चौघांनाही तपासून वेगळं औषध देते. टॉवेलही वेगळे. मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही."

मग बाईंनी कंबर कसली. चुलीवर कपडे उकळले, दोरीवर चार रंगांचे टॉवेल लागले. भावाच्या टॉवेलला तोंड पुसताना सापडलेल्या जितेंद्रला मासळीची तुकडी मिळाली नाही.

"गेली की गो खाज! आता कशाला गोली?" हरिश्चंद्र कुरकुरले.

"तोंड उघडा."

हळदीच्या दिवशी मितेशनं मांडवात सदरा उतरवला. मनोरमावन्सं चष्मा पुसून पुढं सरसावल्या आणि पाटाभोवती दोन चकरा मारल्या. पाठ सोललेल्या केळ्यासारखी स्वच्छ होती. नर्मदाबाईंना वाटलं, ताशेवाल्याचा ताशा ओढून आपणच वाजवावा.

"पाठीवर एक पुलीसुद्धा नाय," वन्सं चक्क हिरमुसल्या. "नायतर आमचा भाऊ! सोताच्या हळदीला सदरा काढला नाय. नवस होता म्हने."

नर्मदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्याच नवसापायी लग्नापासून त्या दर सोमवारी उपाशी राहत होत्या.

"कसला नवस होता ओ?"

"गजकर्नाचा," हरिश्चंद्र पुटपुटले. मग सगळ्यांदेखत त्यांनी सदरा काढला आणि लेकाशेजारी ऐटीत मांडी ठोकली. "लाव आता. माझी राहिलीय."

बाईंनी दोन्ही पंजे हळदीनं भरले आणि नवऱ्याच्या पाठीवर असे थापले, की ताशेवाला वाजवायचा थांबला.